उशीर कोणत्या दिवसापासून मोजायचा

मी एकतीस वर्षं बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नोकरी केली. पहिली आठ वर्षं खानापूरहून रोज रेल्वेने येऊन-जाऊन, मग लग्न होऊन शहापुरात राहायला आल्यावर सायकलने, नंतर स्कूटरने. या एकतीस वर्षांत वितळलेल्या लोखंडाच्या दहा पावलांच्या आत मी फार तर चार-पाच वेळा गेले असेन. माझं काम कागदाचं होतं. मोठ्या कंपन्यांशी करार व्हायचा असला की त्याआधीची पंधरा दिवसांची तयारी माझ्याकडे. बोलायला मालक बसायचे.

माझे आप्पा भातशेती करायचे. कुणी विचारलं, तुमची पोरगी कारखान्यात काय करते, तर म्हणायचे, "कागद वाचती." तेव्हा मला त्याचा राग यायचा. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव चांगलं लांबलचक होतं. आता वाटतं, आप्पांइतकं नेमकं कुणीच सांगितलं नाही.

हे काम मला मिळालं ते एका चुकीतून, आणि ती चूक माझी होती. नोकरीला लागले तेव्हा मी टायपिस्ट होते. आमच्याकडे पंपाचे भाग ओतायचे. त्यासाठी आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबून काढला की तशीच पोकळी राहते आणि तीत लोखंड ओततात. म्हणजे पॅटर्न ज्याच्या ताब्यात, काम त्याच्याकडे. आमचे पॅटर्न कृष्णा मिस्त्री करायचे. सागवानाला असा हात लावायचे की बघत राहावं.

एका गिऱ्हाईक कंपनीबरोबरचा करार मीच टाइप केला होता. बावीस पानं. शेवटच्या जोडपत्रात एक वाक्य होतं, की या कामासाठी केलेले सगळे पॅटर्न कंपनीच्या मालकीचे राहतील आणि मागताक्षणी परत द्यावे लागतील. दोन वर्षांनी त्या कंपनीला दुसरीकडे स्वस्त फौंड्री मिळाली. एके सकाळी त्यांचा ट्रक आमच्या दारात उभा राहिला आणि ड्रायव्हरच्या हातात त्या पानाची नक्कल होती.

कृष्णा मिस्त्रींनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक पॅटर्न स्वतः गोणपाटात गुंडाळून ट्रकात ठेवला. मी म्हटलं, "मिस्त्री, त्यांचं ते बघतील की." ते म्हणाले, "माझ्या हातची हायत ती. कडा फुटायला नकोत." त्या महिन्यात वाळूचे साचे करणाऱ्या अकरा मोल्डरना कामावरून घरी पाठवावं लागलं. त्यांतले दोघे माझ्याबरोबर खानापूरच्या गाडीला असायचे. दुसरीकडे काम शोधायला ते त्याच गाडीने यायचे, पण दुसऱ्या डब्यात बसायला लागले.

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही.

"टाइप करताना हे वाक्य दिसलं न्हाय तुला?"

"दिसलं अण्णा. वाचलं न्हाय."

त्यांनी ते जोडपत्र पुढ्यात ओढून घेतलं. मग म्हणाले, "मी तर बघितलंसुद्धा न्हाय. आजपास्नं कुठलाबी करार आधी तू वाचायचा, मग मी."

मला वाटलं होतं नोकरी जाणार. ती गेली नाही, उलट खरी नोकरी तिथून सुरू झाली. पण ती माणसं दुसऱ्या डब्यात बसायची, हे मी विसरले नाही.

वाचायचं म्हणजे काय, हे शिकायला मला तीन-चार वर्षं लागली. करारातलं प्रत्येक वाक्य सगळं सुरळीत चाललंय असं धरून लिहिलेलं वाटतं. आपण ते उलटं करून बघायचं. माल परत आला तर? लोखंड महागलं तर? वीज गेली तर? समोरचा साहेब बदलला तर? मग एका वहीत तीन याद्या करायच्या. काय मिळालंच पाहिजे, काय सोडलं तरी चालेल, आणि कुठल्या गोष्टीला काहीही झालं तरी सही करायची नाही. तिसरी यादी सगळ्यांत लहान असावी लागते. ती लांबली की समजावं, आपण करार करायला निघालोच नाही, भांडायला निघालोय.

समोर कोण बसणार याचीही चौकशी मी करून ठेवायची. पुण्याकडचे एक खरेदी अधिकारी होते. सगळं ठरायचं, चहा व्हायचा, आम्ही पिशव्या उचलायचो, आणि दारापाशी ते म्हणायचे, "एक छोटीशी गोष्ट राहिली हो." त्या छोट्याशा गोष्टीत दरवेळी आमचा जीव जायचा. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली. माल लाकडी खोक्यांतून द्यायचा, हे आम्ही तसंही करत होतो, पण करारात लिहिलं नव्हतं. दारापाशी त्यांनी नेहमीसारखं तोंड उघडलं तशी मी म्हटलं, "साहेब, ती खोक्यांची गोष्ट तेवढी काढू नका." त्यांनी तीच काढली. अण्णांनी असा चेहरा केला की मलाच वाईट वाटलं. साहेबांनी विजयी मुद्रेने निरोप दिला. परतीच्या वाटेवर अण्णा संकेश्वरपर्यंत हसत होते.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं, हे सगळं आता संपलं. मग दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, माझी नणंद निपाणीहून आली ती एका बाईंना बरोबर घेऊन. शालन त्यांचं नाव. पन्नाशीच्या, काटक, आणि दर दोन वाक्यांमागे खोकणाऱ्या. चौदाव्या वर्षापासून त्या तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. पानं कुटायची, चाळायची, पोती भरायची. चार वर्षांपूर्वी त्यांनी आणि आणखी एकवीसजणींनी ते सोडलं, शिलाई मशीन घेतल्या आणि एका बंद पडलेल्या वखारीतच शिवणकाम सुरू केलं. शाळेचे गणवेश, पिशव्या, जे मिळेल ते. आता बेंगळूरची एक कंपनी दवाखान्यातले गाऊन शिवून घ्यायला तयार होती, डॉक्टर-नर्स ऑपरेशनच्या वेळी घालतात ते. वर्षभराचं काम. कराराचा मसुदा आला होता, इंग्रजीत, सोळा पानं.

"सही कुठं करायची तेवढं सांगा आक्का," शालन म्हणाल्या. "बाकी आम्ही करतो."

"सही न्हाय केली तर काय होईल?" मी विचारलं.

"संक्रांत झाली की नवा तंबाखू वखारीत येतो. गणवेशांवर सगळ्यांचं भागत न्हाय. आठ-दहाजणी परत जातील चाळायला. मलाबी जावं लागेल." एवढं बोलून त्या खोकल्या.

मी मसुदा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी वाचायला बसले. भाव बरा होता. भाषा सभ्य होती. नवव्या पानावर मी थांबले. कापड कंपनी पाठवणार होती. गाऊन तीस दिवसांत द्यायचे होते, आणि उशीर झाला तर दर दिवसामागे कपात. इथवर ठीक. पण ते तीस दिवस मोजायचे होते ऑर्डर दिल्याच्या तारखेपासून, कापड पोचल्याच्या तारखेपासून नव्हे. कापड वीस दिवसांनी आलं तरी उशीर या बायकांचा. पुढे बाराव्या पानावर दुसरं वाक्य होतं, की करार असेपर्यंत यांनी दुसऱ्या कुणासाठी काहीही शिवायचं नाही. म्हणजे कापड येईपर्यंत हात बांधून बसायचं आणि मग उशिराची भरपाई द्यायची. दोन पानं वेगवेगळी वाचली तर काही वाटत नव्हतं. शेजारी ठेवली की दिसत होतं.

कंपनीने हे मुद्दाम केलं असेल असं मला आजही वाटत नाही. कुणीतरी जुना मसुदा उचलून नाव बदललं असेल. पण गळफास कुणी का बांधेना, त्यात मान आपली जाते.

मी निपाणीला जायला लागले. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी परत. वखार उंच छपराची, भिंतींना अजून तंबाखूचा वास. शालनची सून बबिता हिशेबाला होती. बारावी शिकलेली, कन्नड-इंग्रजी दोन्ही वाचणारी, चुणचुणीत. मी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला किती गाऊन होतील?"

"तीनशे," बबिता म्हणाली.

"मोजलंय?"

"अंदाज हाय की."

मी म्हटलं, एक आठवडा मोजा. कंपनीने नमुन्यापुरतं कापड पाठवलं होतं. ते संपल्यावर त्याच मापात जुनी लुगडी कापून शिवून बघितलं. वीज किती वेळ जाते, मशीन कितीदा बिघडते, बाळाला पाजायला कोण कधी उठते, सगळं धरून आकडा आला एकशे ऐंशी. बबिताचं तोंड उतरलं. "एवढं कमी सांगितलं तर ते पळून जातील, आक्का."

"तीनशे सांगितलं तर तुम्ही पळून जाल, तीन महिन्यांनी," मी म्हटलं.

मग चार दुपारी आम्ही तालीम केली. मी बेंगळूरचा साहेब झाले. खुर्चीवर पाय पसरून बसले, मधेच फोन बघितला, चहा थंड आहे म्हणाले. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग हळूहळू हसू गेलं. मी म्हणायची, "भाव फार होतो बाई." आणि गप्प बसायची. शालनना ती गप्प जागा सोसायचीच नाही. मी दहा आकडे मोजायच्या आत त्या म्हणायच्या, "मग थोडं कमी करूया की." अजून मी कमी करा म्हटलेलंच नसायचं. एकदा, दोनदा, पाच वेळा तेच झालं.

"शालनआक्का," मी शेवटी म्हटलं, "तुमचं म्हणणं सांगून झालं की गप बसायचं. त्याला बोलू दे."

त्या चिडल्या. पहिल्यांदाच. "वखारीत पस्तीस वर्सं तोंडाला पदर बांधून गपच बसलो की आम्ही. मुकादम बोलंल ते ऐकायचं. आता कुठं तोंड उघडलंय, तर तुम्ही परत गप बसा म्हणताय व्हय?"

मी खरं तेच सांगितलं, "मला हे लक्षात आलं न्हाय. चुकलं माझं."

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तेव्हा बोलायची परवानगी नव्हती म्हणून गप होतो. हितं आपलं सांगून झालंय म्हणून गप. असंच न्हवं?"

"असंच."

"मग जमंल. बसा साहेब, परत करूया."

त्या दुपारी मी पंचवीसपर्यंत आकडे मोजले. शालन माझ्याकडे बघत शांत बसून राहिल्या. शेवटी मीच बोलले.

बोलणी बेंगळुरात व्हायची होती. मी ती वखारीतच ठेवा म्हणून कळवायला लावलं. आपल्या मशीन, आपली माणसं बघितल्याशिवाय आकड्यांवर कुणाचा विश्वास बसत नाही. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात कंपनीची दोघं आली. एक तरुण अधिकारी, लॅपटॉप घेऊन, आणि त्याच्या वरच्या पदावरच्या सुधा मॅडम, पंचेचाळिशीच्या, फार न बोलणाऱ्या. सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं. मी कोपऱ्यात बसले. ठरलंच होतं, मी बोलायचं नाही.

तरुणाने पहिलाच प्रश्न टाकला, "रोज तीनशे गाऊन होतील ना?"

बबिताने शालनकडे बघितलं. शालन म्हणाल्या, "न्हाय. एकशे ऐंशी. आम्ही मोजलंय." आणि गप्प बसल्या.

तो मुलगा गोंधळला. एवढ्याने आमचं भागणार नाही, म्हणाला. मग आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल, म्हणाला. लॅपटॉप अर्धा मिटला. एकशे ऐंशी मीच सांगायला लावलं होतं. हा उठून गेला असता तर या बायकांना मी काय तोंड दाखवणार होते? शालन बसून होत्या. खोकला आला तो त्यांनी पदरात दाबला, पण बोलल्या नाहीत.

शेवटी सुधा मॅडम म्हणाल्या, "शिवलेला एक गाऊन दाखवा."

शालननी गाऊन दिला. मॅडमनी शिलाई दोन्ही हातांनी ओढून बघितली. काखेपाशी थांबल्या. "इथे हा तुकडा कशाला? आमच्या नमुन्यात नाही हा."

तेव्हा शालननी बबिताला खूण केली. बबिताने कपाटातून एक गाठोडं आणून टेबलावर सोडलं. सहा-सात जुने गाऊन, धुतलेले, इस्त्री केलेले, आणि सगळे एकाच जागी, काखेत फाटलेले. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"आमच्यातल्या एकीची भैन एका दवाखान्यात कामाला हाय," शालन म्हणाल्या. "तिला विचारलं, टाकलेले गाऊन दाखव. सगळे हितंच फाटलेत. नर्सबाई हात वर करती, कापड ताणतं. तुमचा नमुना शिवून आम्हीच घालून बघितला, हात वर केला, उसवला. म्हणून हा चौकोनी तुकडा घातला आणि दोनदा शिवण मारली. त्यानं वेळ लागतो. तीनशे करायचे तर हे सोडावं लागंल."

सुधा मॅडमनी एकेक फाटका गाऊन उलटून बघितला. मग स्वतः उठल्या, शिवलेला गाऊन साडीवरून चढवला आणि दोन्ही हात वर केले. वखारीतल्या बावीस बायका बघत होत्या. शिवण टिकली.

"आमच्याकडे परत येणारा माल काखेतच फाटलेला असतो," त्या तरुणाकडे बघून म्हणाल्या. "मागच्या शिवणाऱ्यांना आपण दोष दिला." मग शालनकडे वळल्या. "एकशे ऐंशी चालतील. आणखी काय?"

आणखी ते नववं पान होतं. शालननी भांडण केलं नाही. विचारलं, "कापड उशिरा आलं तर आम्ही शिवायचं काय?" मॅडमनी मसुदा घेतला, नववं पान वाचलं, मग स्वतःच मागे-पुढे चाळून बारावं काढलं. दोन्ही पानांवर एकेक बोट ठेवून त्यांनी ती शेजारी-शेजारी वाचली. तीस दिवस कापड पोचल्याच्या तारखेपासून धरायचे ठरले. दुसऱ्यासाठी शिवायची बंदी फक्त गाऊनपुरती राहिली. गणवेश, पिशव्या मोकळ्या झाल्या. भाड्याचा मुद्दा आम्ही हरलो, बेंगळूरला माल पोचवायचं भाडं आमच्याच माथी बसलं. ते मधल्या यादीत होतं, सोडलं तरी चालेल असं.

दुरुस्त केलेला करार लगेच बाजारातल्या दुकानातून छापून आणला. तरुणाने पेन पुढे केलं. शालननी ते घेतलं, बाजूला ठेवलं, आणि म्हणाल्या, "आधी वाचूया." बबिता उभी राहिली आणि तिने सोळाही पानं मराठीत सांगितली, ओळीगणिक. मधे कुणीतरी विचारायची, "म्हंजे काय गं?" आणि बबिता परत सांगायची. तास-सव्वातास गेला. पाहुणे चहा घेऊन बसून राहिले. माझ्या नोकरीच्या वर्षांत मी एवढे करार केले, पण ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना एकदाही वाचून दाखवला नव्हता. आमच्या अकरा मोल्डरना ते जोडपत्र कुणी वाचून दाखवलं असतं, तर एखाद्याने तरी विचारलं असतं.

त्या वर्षी कुणी परत तंबाखू चाळायला गेलं नाही. कापड दोनदा उशिरा आलं, कपात झाली नाही. शालनचा खोकला कमी आहे. गेला आहे असं मी म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "आक्का, गुरुवारी बेंगळूरची मंडळी येणार हायत. करार नवा करायचाय."

"किती वाजता येऊ?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही येऊ नका, ते सांगायला केलाय फोन. उन्हातनं कशाला दमताय. बबिता झालीया साहेब. तीन दिस झालं, लई छळती आम्हाला."

खरं सांगायचं तर जरा टोचलं. पण मी विचारलं, "जोडपत्रं वाचली?"

"वाचली. एक वाक्य नवीन घातलंय त्यांनी. खूण करून ठेवलीय."

"कुठलं?"

"ते आधी त्यांना विचारतो. तुम्हाला शुक्रवारी सांगतो."

शुक्रवारी सकाळी मी फोन जवळ घेऊनच भाजी निवडत होते. ते वाक्य शिल्लक कापडाबद्दल होतं. ते करारातून निघालं होतं. माल पोचवायचं भाडं आता अर्धं कंपनीचं झालं होतं, जे मला जमलं नव्हतं. आणि काम वाढल्यामुळे तंबाखूच्या वखारीतल्या आणखी सहाजणी घ्यायच्या ठरल्या होत्या.

"त्यांना आधी काय शिकवणार," मी विचारलं, "शिवण की करार वाचायला?"

"दोन्ही की," शालन म्हणाल्या. "सकाळी एक, दुपारी एक."